चौथ्या नंबरची उर्गे

आमच्या गावात, कोफिरात, धावता न येणारी एकच बाई आहे आणि ती म्हणजे मी, असं माझी धाकटी बहीण आयान्तू अजून चारचौघांत सांगते. फार खोटं नाही ते. सहा वर्षं मी पोरींबरोबर निलगिरीच्या झाडांच्या रानात पळले, एकदाही पहिल्या दहात आले नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी मैदानाच्या फाटकासमोर कॉफीचं दुकान थाटून बसले. गावातून ज्या पोरी धावत बाहेर गेल्या त्या माझ्या दुकानावरून गेल्या. जगभरची पदकं गळ्यात घालून काही जणी परत आल्या. त्यांच्याबद्दल सांगायला पुष्कळ लोक आहेत. उर्गेबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

उर्गे आणि मी एका बाकावर बसायचो. तिचे वडील बेदासा घोडागाडी हाकायचे, जवाची पोती आठवडी बाजारात पोचवायचे. आई ती चालायला लागायच्या आधीच गेली. ओढ्यापलीकडच्या घरात बाप आणि लेक, दोघंच. बाजाराच्या दिवशी ती गाडीत बसायला बघायची तेव्हा बेदासाकाका म्हणायचे, "पोती बसतील की तू बसशील? घोडा एकच आहे." मग ती गाडीमागून पळायची. असेच तिचे पाय तयार झाले. पुढे शाळेच्या शर्यतीत ती मोठ्या पोरांना मागे टाकायला लागली तसे काका गाडी मुद्दाम जोरात हाकायचे आणि वळून वळून ओरडायचे, "आलीस का? का झोपलीस?" ती चिडायची आणि आणखी जोर करायची. गाव हसायचं. काकांना ते हसणं फार आवडायचं, पण तोंडावर कधी दाखवलं नाही.

आमचे कोच हुंदे. उंच, किडकिडीत, गळ्यात शिटी. ते कौतुक करायचे नाहीत. उर्गे सोळाची झाली तेव्हा त्यांनी माझ्याजवळ एवढंच विचारलं, "ही घरी काय खाते गं?" मी म्हटलं, "जे आम्ही खातो तेच." ते म्हणाले, "मग तुम्ही काय करताय?"

दहा हजार मीटर ही तिची शर्यत. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. तीन वर्षं ती राजधानीला, अदिसला, देशाच्या संघाच्या निवड चाचणीला गेली. पहिल्या वर्षी चौथी आली, छातीएवढ्या फरकाने. दुसऱ्या वर्षी ताप अंगात घेऊन पळाली, चौथी. तिसऱ्या वर्षी अशी धावली की हुंदेंनी घड्याळ दोनदा पाहिलं. त्या वर्षी साऱ्या जगात तिच्याहून वेगात धावलेल्या फक्त पाच पोरी होत्या. पण त्यातल्या तीन आमच्याच देशाच्या. आणि जागतिक स्पर्धेत एका देशाच्या तीनच पोरी.

"तीनच का?" मी हुंदेंना विचारलं होतं.

"नियम मी केला नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या देशात जन्मली असती तर पोस्टाच्या तिकिटावर फोटो असता तिचा. इथं चौथी म्हणजे घरी."

उर्गे परत आली तेव्हा बसथांब्यावर कोणी नव्हतं. मी दुकान सोडून गेले. ती पिशवी खांद्यावर टाकून उतरली आणि म्हणाली, "गेलाने, आता मला चौथ्या नंबरवर एक घरच बांधून द्या. राहते तिथंच." मी हसले. ती नाही हसली.

उर्गेच्या या चाचण्या सुरू झाल्या त्या सुमाराला आयान्तू पळायला लागली होती. तेरा-चौदाची असेल. तिला एक खोड होती. दमली की उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघायची. मान वळेल तिकडे तिचे पाय वळायचे आणि ती आपोआप बाहेरच्या बाजूला सरकायची. उर्गे तिच्या मागून पळायची, आणि आयान्तूने मान वळवली रे वळवली की आतून पुढे निघून जायची. मग टाळूवर टपली. "किती वेळा सांगू गं? मान वळवू नकोस. आतली बाजू उघडी पडते. मागे काय आहे? मागे मी आहे. माझं तोंड काय बघायचं?" आयान्तू खिदळायची. माझी बहीण माझ्यापेक्षा उर्गेच्या हाताखाली जास्त वाढली, हे मी मोकळेपणाने सांगते.

मग तो दलाल आला. आमचाच माणूस, पण अदिसचे बूट घातलेला. समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशाला धावणाऱ्या पोरी हव्या होत्या. त्यांच्याकडे वाळू होती, मैदानं होती, धावायला कोणी नव्हतं. दोन दिवसांनी उर्गे दुकानात येऊन बसली. मी बिया भाजत होते.

"त्यांचं पारपत्र घ्यायचं," ती म्हणाली. "आपलं सोडायचं. आणि नाव बदलायचं."

"आणि देव? तोही बदलायचा?"

"देवाबद्दल काही बोलले नाहीत. फक्त नाव."

"आणि मग धावायला मिळेल?"

"दोन वर्षं थांबायचं. मग दर वेळी मीच. निवड चाचणी नाही, काही नाही. त्यांच्याकडे दुसरी आहेच कोण?" ती बोटाने टेबलावरच्या भाजलेल्या बिया इकडेतिकडे करत राहिली. "मी चोवीस वर्षांची आहे, गेलाने. अजून किती वर्षं चौथी येऊ?"

मी तव्यावरून नजर न काढता म्हटलं, "जा."

एवढंच म्हटलं मी. तिला दुसरं कोणी असं म्हणालं नव्हतं. हुंदे गप्प बसले होते. म्हणजे जा म्हणणारी मी एकटीच.

काकांना सांगायला तिने मला बरोबर नेलं. सकाळची वेळ होती, ते घोड्याला जुंपत होते. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. ते पट्टे आवळत राहिले.

"काय नाव देणार आहेत?" त्यांनी विचारलं.

"नूरा सालेम."

"सालेम कोण?"

"कोणी नाही आब्बो. कागदावरचं नाव आहे."

"तुझ्या नावापुढे माझं नाव लागतं. उर्गे बेदासा. मी आहे. हा इथं उभा आहे. आणि तू जो कोणी नाहीच त्याची मुलगी होणार?"

"आब्बो, कागदावर फक्त."

"आणि धावणार कोण? कागद?"

ती रडायला लागली. काकांनी लगाम हातात घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. "तू समजूतदार आहेस ना गं? तुझं काय म्हणणं?"

मी जमिनीकडे पाहिलं. जा म्हणणारी मीच होते, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. गाडी निघून गेली. पुढच्या आठवड्यात उर्गेही गेली.

सुरुवातीला ती दर रविवारी दुकानाच्या फोनवर बोलायची. "इथं रस्त्यावर माणूस दिसत नाही गं. सावलीसुद्धा नाही. पहाटे पळतो तरी डांबर बुटाला चिकटतं." किंवा, "आज जवाच्या पिठाची पेज करायला गेले तर जवच मिळेना." शेवटी हमखास विचारायची, "आब्बो आलेत का दुकानात?" कधी कधी काका समोरच बसलेले असायचे. मी फोन पुढे करायचे. ते कॉफीचा पेला उचलायचे आणि दाराबाहेर जाऊन प्यायचे. मी फोनमध्ये म्हणायचे, "आत्ताच गेले बघ." खोटं नव्हतं तेही.

दोन वर्षं गेली, आणखी एक गेलं. आयान्तू वीस वर्षांची झाली आणि निवड चाचणीत तिसरी आली. तिसरी! आमच्या घरात आईने आनंदाच्या रिवाजाप्रमाणे डोक्यावर लोणी थापून घेतलं, शेजाऱ्यांनी बकरा कापला. जागतिक स्पर्धेचा तो दिवस आला तेव्हा माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडकीत बसले होते. बेदासाकाका दाराशी उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण वाट सगळ्यांनी करून दिली.

वीस फेऱ्यांनंतर पुढच्या घोळक्यात सहाजणी उरल्या. दोन केनियाच्या, तीन आमच्या हिरव्या-पिवळ्या कपड्यांतल्या, आणि एक तांबड्या कपड्यांतली. नूरा सालेम, असं दूरदर्शनवरचा माणूस म्हणत होता. दुकानात प्रत्येकाला ती चाल ओळखीची होती. डावा कोपर थोडा बाहेर, हनुवटी खाली. 

शेवटच्या फेरीत केनियाची एक पुढे निघून गेली. मागोमाग आमची एक. त्या दोघी गेल्याच. तिसऱ्या नंबरवर आयान्तू होती आणि तिच्या मागे उर्गे. शेवटचं वळण. "मान वळवू नकोस," मी ओरडले, खरंच ओरडले, पडद्याकडे बघून. आयान्तूने मान वळवली.

आतली बाजू उघडी पडली. उर्गे तिथून निघून गेली.

अर्धा श्वास लागावा एवढ्या वेळात सगळं झालं. दुकानात चुलीवरचं भांडं उकळल्याचा आवाज आला. आणि दाराशी कोणीतरी "हां! हां पोरी, हां!" असं म्हणालं. बेदासाकाका. दोन्ही हात पुढे, मुठी आवळलेल्या, लगाम धरल्यासारख्या. उर्गेने रेषा ओलांडली तरी हात तसेच होते. मग त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं. ते हात खाली घेऊन निघून गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

पडद्यावर उर्गेच्या हातात कोणीतरी तो दुसरा झेंडा दिला. ओला टॉवेल धरावा तसा तिने तो धरला होता. आयान्तू खाली बसली होती. उर्गे तिच्याकडे वळली, पण तेवढ्यात पडद्यावर पहिली आलेली मुलगी आली.

मी त्या दिवशी ठरवलं की उर्गे माझी कोणी नाही. तिने माझ्या बहिणीला हरवलं म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगायचे. आयान्तूची खोड तिला ठाऊक होती, आणि ती तिने वापरली. जी गोष्ट प्रेमाने शिकवायची तिचीच सुरी केली. पुढच्या रविवारी तिचा फोन आला तो मी घेतला नाही. त्यानंतरचेही नाही. पुढे ते यायचे बंद झाले.

दीड वर्षाने, एका शुक्रवारी सकाळी बेदासाकाका गाडी जुंपता जुंपता पडले. शेजारची माणसं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. उर्गेला हुंदेंनी कळवलं. तासाभराने माझ्या दुकानातला फोन वाजला, आणि या वेळी मी उचलला.

"गेलाने, ऐक. माझं पारपत्र संघाच्या कचेरीत आहे. ते तिथंच ठेवतात. आज सुट्टी आहे इथं, उद्यापण. साहेब फोन घेत नाही. आणि मला आता आपल्या देशात यायला परवाना लागतो." ती भराभर बोलत होती, श्वास पुरत नव्हता. इतक्या वर्षांत तिला धाप लागलेली मी ऐकली नव्हती. "दोन दिवस. आब्बोंना दोन दिवस ठेवा गं. मी येते. कसंही करून येते. तू सांग ना सगळ्यांना."

आमच्याकडे माणूस गेला त्याच दिवशी पुरतात. हे तिलाही माहीत होतं. मला एवढंच म्हणता आलं असतं, की विचारते. किंवा, रड बाई, मी आहे इथं. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"आपल्याकडे ठेवत नाहीत. विसरलीस वाटतं तिकडे जाऊन?"

 पलीकडून फोन बंद झाला.

दुपारी काकांना पुरलं. मी होते. बायकांच्या घोळक्यात कोणीतरी म्हणालं, "पोटची पोर असून आली नाही." कारण मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही.

ती आली सव्वा वर्षाने. तोपर्यंत चाळिसाव्या दिवसाचं कार्य होऊन गेलं होतं, वर्षाचं जेवणही हुंदेंनी आणि शेजाऱ्यांनी मिळून घातलं होतं. नडगीचं हाड तिकडे आधी तडकलं, तशाच पायावर तिथल्या संघाने तिला धावायला लावलं, मग ते मोडलं. दोनदा कापाकापी झाली. आत धातूची पट्टी बसवली. पाय वाकडा राहिला, आणि करार संपला तो कोणी पुढे वाढवला नाही. एका छोट्या पेटीसह ती बसमधून उतरली आणि लंगडत ओढ्यापलीकडच्या घरी गेली. ती माझ्या दुकानासमोरूनच गेली. मी आत होते. ती क्षणभर थांबली असावी असं मला वाटलं. मी पेले विसळत राहिले.

अकरा महिने मी तिच्याकडे गेले नाही. गाव लहान आहे, तरी माणूस मनावर घेईल तर अकरा महिने टाळता येतं.

त्या वर्षी सणाला आयान्तू घरी आली. जागतिक स्पर्धेनंतर ती पुन्हा कधी संघात आली नाही. काही वर्षं रस्त्यावरच्या शर्यती पळाली, आता असेला शहरात तिचा संसार आहे. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "उर्गेकडे जाऊन येते. तू भेटतेस ना रोज?"

मी म्हटलं, "मी नाही जात."

"का?"

"का म्हणजे? तुझं पदक—"

आयान्तू माझ्याकडे बघतच राहिली. "तू त्यासाठी जात नाहीस? गेलाने, शर्यत मी हरले. तू कशाला रुसलीस?"

"तिला तुझी खोड माहीत होती."

"माहीत होती म्हणजे? तीन-चार वर्षं ती मला ओरडून सांगत होती की मान वळवू नकोस. सगळ्या गावाला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगत होती. मी वळवली. मग तिने काय करायचं होतं, थांबून टपली मारायची होती?" मग ती हसली, पण डोळे भरले होते. "शर्यत संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, माफ कर. मी म्हटलं, आधी श्वास घेऊ दे गं बाई. तिथंच बसलो आम्ही दोघी. माझे बूट तिनेच सोडले. माझा हात चालत नव्हता."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हिरव्या बिया आणि तवा घेऊन ओढा ओलांडला. उर्गे अंगणात बसून जव पाखडत होती. एकतीस वर्षांची होती, दिसत होती पंचेचाळीसची. तिने मला पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"वाट सापडली का?" ती म्हणाली.

"सापडली."

"बस मग. विस्तव मी करते. तुला पेटवता येत नाही, माहीत आहे मला."

मी बिया भाजल्या, तिने कुटल्या. पहिला पेला आम्ही प्यायलो. दुसऱ्याच्या वेळी मी म्हटलं, "फोनवर मी जे बोलले..."

"ते राहू दे," ती म्हणाली. "मला दुसरं हवंय तुझ्याकडून. तू होतीस ना त्या दिवशी? मला सांग. सगळं सांग, पहिल्यापासून. लोक मला म्हणतात, छान झालं, सगळे आले होते. कोण सगळे? मला कोणी नीट सांगतच नाही."

मग मी सांगायला लागले. अंघोळ कोणी घातली. कापड कोणत्या घरून आलं. तिरडीच्या पुढच्या दोन दांड्या कोणी धरल्या. ती मधेच अडवायची. "डाव्या बाजूला कोण होतं? हुंदे? त्यांचा खांदा दुखतो ना?" मी म्हटलं, "दुखत होता, तरी त्यांनी सोडलं नाही." "पाऊस होता?" "नाही, धुकं होतं. दुपारी उघडलं." "पाद्री नाव घेताना काय म्हणाले?" जे आठवलं ते सांगितलं, जे नाही आठवलं ते नाही आठवत म्हटलं. बायका काय बोलल्या तेही सांगितलं, आणि मी गप्प बसले तेही. तिने मान हलवली.

"माझ्यावर रागावूनच गेले का गं?"

मी त्यांना दुकानाच्या दारात पाहिलं होतं ते सांगितलं. त्यांच्या मुठी आणि ते काय म्हणाले ते. ती बराच वेळ तवा पदराने पुसत राहिली. तवा स्वच्छच होता.

"पण फोनवर नाहीच आले," ती म्हणाली.

"नाही. शेवटपर्यंत नाही आले." मी खोटं बोलले नाही. तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं मला.

तिसरा पेला निवून गेला. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "अंघोळीपासून." मी पुन्हा सांगितलं.

त्याला आता चार वर्षं झाली. उर्गे इथंच आहे, पण कागदोपत्री ती परदेशी. राहण्याचा परवाना वाढवायला दर वर्षी तिला अदिसला जावं लागतं, आणि तिथल्या रांगेत ती गोऱ्या लोकांबरोबर उभी राहते. एकदा मी बरोबर गेले होते. खिडकीवरच्या बाईने 'नूरा सालेम' असं नाव पुकारलं तेव्हा ती जागची हलली नाही. मी कोपराने ढोसलं तेव्हा पुढे गेली.

हुंदेंनी तिला मैदानावर घड्याळ घेऊन उभं राहायला बोलावलं होतं. नव्या पोरींना शिकव म्हणाले. ती एक मोसम आली. पोरींना आवडायची ती, टपल्या मारायची. मग एके दिवशी घड्याळ त्यांच्या हातात देऊन माझ्या दुकानात येऊन बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चांगल्या आहेत पोरी. त्या उंच पोरीत तर खूप आहे." तिने वाकडा पाय बाकाखाली ओढून घेतला. "मला त्यांचे पाय बघवत नाहीत गं."

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. दोन गाई घेतल्यात, सकाळी दूध घालायला येते. मैदानावरून पोरींच्या पावलांचा आवाज येतो तेव्हा ती फाटकाकडे पाठ करून बसते, आणि मी तिच्याशी दुधाबद्दल काहीतरी बोलत राहते.